अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा प्लेऑफ: आत कोण, बाहेर कोण आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर डिसेंबरला आमच्या ओहायोतल्या मराठी ग्रुपवर हेच प्रश्न येतात. कुणाचा मुलगा नुकताच एमएसला आलेला असतो, कुणाच्या मुलीच्या युनिव्हर्सिटीची टीम अख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच हरलेली नसते आणि तरी प्लेऑफच्या यादीत तिचं नाव नसतं, मग घरोघरी तोच विषय, अरे हे असं कसं? मी सिनसिनाटीत शिकलो, २०२१ चा सीझन तिथे राहून बघितला, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. दरवेळी तुकड्या-तुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हा फुटबॉल कुठला आणि पोस्टसीझन म्हणजे काय?

हेल्मेट आणि पॅड घालून अंडाकृती बॉलने खेळतात तो. सगळ्यात वरच्या लेव्हलला १३० हून जास्त कॉलेज टीम आहेत, या लेव्हलला एफबीएस म्हणतात. ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक टीम साधारण १२ मॅच खेळते, मग कॉन्फरन्सच्या फायनल होतात, आणि त्यानंतर जे काही होतं ते पोस्टसीझन, म्हणजे बाउल गेम्स आणि प्लेऑफ. कॉन्फरन्स म्हणजे टीमचे गट. त्यातले एसईसी, बिग टेन, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह हे मोठे, पैसेवाले. अमेरिकन, माउंटन वेस्ट, सन बेल्ट, मिड-अमेरिकन आणि कॉन्फरन्स यूएसए हे लहान, यांना बरीच वर्षं ग्रुप ऑफ फाइव्ह म्हटलं गेलं. खाली मी जिथे जिथे "लहान टीम" म्हणतोय तिथे या गटातल्या टीम समजा. त्यांच्याकडेही हजारो विद्यार्थी आहेत, मोठी स्टेडियम्स आहेत. लहान आहे तो त्यांचा या व्यवहारातला वाटा.

साधं पॉइंट टेबल का नाही लावत?

आयपीएलमध्ये १० टीम, प्रत्येकाच्या १४ मॅच, त्यामुळे टेबलावर विश्वास ठेवता येतो. इथे १३० टीम आणि १२ मॅच, त्यातल्या बहुतेक आपल्याच कॉन्फरन्समधल्या, त्यामुळे आयडाहोची टीम आणि अलाबामाची टीम एकमेकींना आयुष्यात भेटत नाहीत. मग दोघी अपराजित असल्या तर भारी कोण हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि सगळी भांडणं त्या "कुणीतरी" या शब्दापाशी येऊन थांबतात.

आधी हे पत्रकार ठरवायचे. एपी या वृत्तसंस्थेचा पोल १९३६ पासून, कोचेसचा १९५० पासून. मैदानावर फायनल नाहीच, मतं मोजायची आणि चॅम्पियन जाहीर करायचा. १९७३ ला कोचेसनी बाउल गेम्सच्या आधीच शेवटचं मतदान उरकून अलाबामाला चॅम्पियन केलं, आणि मग अलाबामा शुगर बाउलमध्ये नोत्र दामकडून २४-२३ ने हरली. विजेतेपद मात्र त्यांच्याकडेच राहिलं. पुढच्या वर्षीपासून कोचेसचं शेवटचं मतदान बाउल्सनंतर व्हायला लागलं.

कॉलेज खेळांची जी राष्ट्रीय संस्था आहे, एनसीएए, ती बाकी खेळांच्या चॅम्पियनशिप स्वतः भरवते, पण या सगळ्यात वरच्या फुटबॉलची तिने कधीच भरवली नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बाउल गेम ही काय भानगड आहे?

पॅसाडिनात १९०२ मध्ये नवीन वर्षाच्या सोहळ्यात एक मॅच ठेवली, मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० ने हरवलं, तिथून ही प्रथा. पुढे ऑरेंज, शुगर, कॉटन असे गावोगावी बाउल निघाले, कारण डिसेंबर-जानेवारीत बाहेरगावचे लोक आले की हॉटेलं भरतात. म्हणजे बाउल हे मुळात यजमान शहराचं निमंत्रण, आणि निमंत्रण कुणाला द्यायचं हे यजमान ठरवणार. टीम किती चांगली यापेक्षा तिच्याबरोबर किती माणसं येतील हे बघितलं जायचं.

मग निमंत्रणात वाईट काय आहे? ज्याचं घर, त्याचं आमंत्रण.

याचं उत्तर १९५१ मध्ये आहे. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची टीम त्या वर्षी नऊच्या नऊ मॅच जिंकली. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे त्या टीममधले दोन कृष्णवर्णीय खेळाडू, आणि मॅटसन तर त्या वर्षी देशात बॉल घेऊन सगळ्यात जास्त यार्ड पळालेला. दक्षिणेकडच्या बाउलवाल्यांकडून निरोप आला की या दोघांना मागे ठेवून येणार असाल तर बघू. टीमने एकमुखाने नकार दिला. बाउल हुकला, बाउलमधून मिळणारे पैसे हुकले, आणि त्या सीझननंतर युनिव्हर्सिटीने तो फुटबॉल प्रोग्रॅमच बंद केला. त्या एका टीममधले तीन जण पुढे प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, आणि टोलर १९६५ मध्ये एनएफएल या प्रो लीगचा पहिला कृष्णवर्णीय मॅच ऑफिशियल झाला.

यातली एक गोष्ट आपल्या लोकांना सांगितली की ते थबकतात. हाच मॅटसन १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरमध्ये ब्राँझ आणि रिलेमध्ये सिल्व्हर जिंकला. म्हणजे आपले गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत ब्राँझ घेऊन आले तेच ऑलिंपिक. खाशाबांनाही निवडीसाठी किती झगडावं लागलं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. अंगात सगळं असूनही आत घ्यायचं की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर, हे दोघांच्याही वाट्याला आलं.

१९५६ च्या शुगर बाउलमध्ये पिट्सबर्गचा कृष्णवर्णीय बॉबी ग्रायर खेळणार म्हणून जॉर्जियाच्या गव्हर्नरने जॉर्जिया टेकला खेळू द्यायला विरोध केला होता, विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा कुठे मॅच झाली. तेव्हा "निमंत्रण म्हणजे खासगी बाब" असं कुणी म्हटलं की मला हे सगळं आठवतं. आजचा भेदभाव तो नाही, पण मर्जीने उघडणाऱ्या दाराची सवय तिथलीच आहे.

बीसीएस काय होतं?

१९९८ ते २०१३ चे सीझन. पोल आणि कॉम्प्युटर रँकिंग मिसळून पहिल्या दोन टीम काढायच्या आणि त्यांची फायनल लावायची. ऐकायला बरं वाटतं, पण तेव्हाच्या सहा मोठ्या कॉन्फरन्सच्या चॅम्पियनना मोठ्या बाउलमध्ये जागा राखीव, बाकीच्यांनी रँकिंगची अवघड अट पूर्ण करायची. पहिल्याच वर्षी टुलेन सगळ्या मॅच जिंकली आणि बाहेर राहिली. १९९९ ला मार्शल, तेच. टुलेनचे प्रेसिडेंट स्कॉट कावेन यांनी मग लहान युनिव्हर्सिट्यांना एकत्र आणलं, २००३ ला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेत, सुनावण्या झाल्या, आणि त्या रेट्यामुळे २००६ पासून मोठ्या बाउल्समध्ये पाचवी मॅच वाढवून दार जरा किलकिलं झालं.

आणि हे फक्त लहान टीमच्याच बाबतीत होतं असं नाही हं. २००४ ला एसईसीची ऑबर्न १३-० (तेरा जिंकल्या, शून्य हरल्या) होती तरी फायनल खेळली नाही, कारण यूएससी आणि ओक्लाहोमाही अपराजित होत्या आणि जागा दोनच. यूएससीने ती फायनल ५५-१९ ने जिंकली. ऑबर्नच्या लोकांना अजून ते विसरता आलेलं नाही, आणि का विसरावं?

पण लहान टीमचं शेड्यूल सोपं असतं ना? मोठ्यांसमोर त्या टिकतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

१ जानेवारी २००७, ॲरिझोनात ग्लेनडेलला फिएस्टा बाउल. बॉइझी स्टेट विरुद्ध ओक्लाहोमा. बॉइझी म्हणजे आयडाहोची टीम, घरचं मैदान निळ्या रंगाचं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बॉइझी २८-१० ने पुढे, मग ओक्लाहोमाने गाठलं, आणि शेवटच्या मिनिटाच्या आसपास बॉइझीचा पास पकडून थेट टचडाउन केलं (बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेला), ३५-२८. १८ सेकंद उरलेत, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि अजून १८ यार्ड पुढे जायची गरज. क्वार्टरबॅक (पास देणारा मुख्य खेळाडू) झब्रान्स्कीने मध्ये पास दिला, तो ड्रिसन जेम्सने घेतला, सगळे त्याच्यावर धावले, आणि त्याच क्षणी उलट बाजूने पळत येणाऱ्या जेरार्ड रॅबच्या हातात त्याने बॉल सोडला, रॅब सरळ एंड झोनमध्ये. बरोबरी. ओव्हरटाइममध्ये ओक्लाहोमाच्या एड्रियन पीटरसनने पहिल्याच प्लेवर टचडाउन केलं. बॉइझीनेही केलं, आता एक पॉइंट घेऊन बरोबरी करायची की दोन घेऊन जिंकायचं? कोच क्रिस पीटरसनने दोनसाठी जायचं ठरवलं. झब्रान्स्कीने उजव्या हाताने पास द्यायचा आव आणला, आणि डाव्या हाताने पाठीमागून बॉल इयान जॉन्सनला दिला. तो रिकाम्या डाव्या बाजूने आत गेला. ४३-४२. मी ही मॅच नंतर रेकॉर्डिंगमध्ये बघितली, निकाल माहीत होता, तरी त्या शेवटच्या प्लेला उभा राहिलो.

त्या सीझनच्या शेवटी अख्ख्या देशात एकच टीम अपराजित होती, बॉइझी स्टेट. एपी पोलमध्ये त्यांना कितवा नंबर मिळाला? पाचवा.

युटा २००८ ला १३-०, शुगर बाउलमध्ये अलाबामाला ३१-१७ ने हरवलं, नंबर दुसरा, चॅम्पियन ठरली एक मॅच हरलेली फ्लोरिडा. टीसीयू २०१० ला १३-०, रोझ बाउलमध्ये विस्कॉन्सिनला २१-१९, नंबर दुसरा. आणि २००९ ला टीसीयू आणि बॉइझी दोघीही अपराजित होत्या तेव्हा त्यांना एकमेकींशीच खेळवलं. मोठ्या टीमशी गाठच पडू दिली नाही, मला ते वर्ष सगळ्यात जास्त खटकतं.

आता शेड्यूलचं. लहान टीमला मोठ्यांशी खेळायला नको असतं असं नाही, मोठे त्यांच्या घरी येत नाहीत. मोठी युनिव्हर्सिटी पैसे देऊन लहान टीमला आपल्या स्टेडियममध्ये बोलावते आणि उलट भेट द्यायची नसते. जी लहान टीम खरंच धोकादायक आहे तिला तर तेवढंही बोलावत नाहीत. २००७ ला खालच्या डिव्हिजनच्या ॲपालॅचियन स्टेटने मिशिगनला मिशिगनच्याच घरी ३४-३२ ने हरवलं, त्यानंतर तर सगळेच सावध झाले. शिवाय ही शेड्यूल्स काही वर्षं आधी ठरलेली असतात, त्यामुळे "मोठ्यांशी खेळून दाखवा" हे ज्या मुलांना ऐकवलं जातं त्यांच्या हातात त्यातलं काहीच नसतं.

आपल्याकडचं उदाहरण देतो. २०१७-१८ ला विदर्भाने रणजी जिंकली, फायनलमध्ये दिल्लीला हरवून, तोपर्यंत विदर्भाला कोण मोजत होतं? पण गटात पॉइंट मिळवले की क्वार्टर फायनल, तिथे जिंकले की सेमी. मुंबई-कर्नाटकच्या तुलनेत विदर्भ "वाटतो कसा" यावर कुणी मतदान घेतलं नाही. पुढच्या वर्षी परत जिंकले.

सरकार किंवा कोर्ट यात पडलं नाही का?

पडलं. निवडून आल्या आल्या ओबामा टीव्हीवर म्हणाले होते की आठ टीमचा प्लेऑफ हवा. २००९ ला टेक्ससचे जो बार्टन यांनी तर असं बिल आणलं की प्लेऑफ नसेल तर या मॅचला नॅशनल चॅम्पियनशिप म्हणायचंच नाही. युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी सुनावणी घेतली. प्रत्यक्षात बदल कधी झाला? २०११ च्या सीझनला फायनलमध्ये एलएसयू आणि अलाबामा अशा एकाच कॉन्फरन्सच्या दोन टीम आल्या तेव्हा. पुढच्याच जूनमध्ये चार टीमचा प्लेऑफ मंजूर झाला. १३ वर्षं लहान टीम बोलत होत्या, आणि मोठ्या कॉन्फरन्सना स्वतःला चटका बसला तेव्हा सहा महिन्यांत हललं, असं माझं मत आहे.

कोर्टाचा जो निकाल खरा महत्त्वाचा तो त्याच्या खूप आधीचा, १९८४ चा. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या युनिव्हर्सिट्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने टीव्हीच्या हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. तिथून टीव्हीचा पैसा हळूहळू कॉन्फरन्सच्या हातात गेला, आणि पैशाबरोबर सगळे निर्णयही. योगायोग असा की त्याच वर्षी बीवाययू, म्हणजे युटाची ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी, चॅम्पियन झाली, आणि लहान कॉन्फरन्समधली ती आजपर्यंतची शेवटची चॅम्पियन.

चार टीम झाल्यावर तरी प्रश्न मिटला असेल?

नाही, फक्त जागा बदलली. आता रँकिंग ठरवून टीम निवडणारी १३ जणांची कमिटी आली. २०१४ ला, पहिल्याच वर्षी, टीसीयू तिसऱ्या नंबरवर होती, शेवटची मॅच ५५-३ ने जिंकली आणि सहाव्यावर गेली! ओहायो स्टेट वर आली आणि तीच चॅम्पियन झाली.

मग २०१७, यूसीएफ, म्हणजे ओरलँडोची युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा. दोनच वर्षांपूर्वी ही टीम ०-१२ होती, एकही मॅच जिंकली नव्हती, आणि २०१७ ला एकही हरली नाही. कमिटीने नंबर दिला १२. त्यांनी पीच बाउलमध्ये ऑबर्नला ३४-२७ ने हरवलं. आणि ऑबर्न म्हणजे कोण, तर ज्यांनी त्याच सीझनमध्ये जॉर्जियालाही हरवलं होतं आणि अलाबामालाही. एका आठवड्याने फायनल कुणात झाली? जॉर्जिया आणि अलाबामा. यूसीएफने मग स्वतःला चॅम्पियन जाहीर केलं, डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली, कोचेसना बोनस दिले. बरेच लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, त्या मुलांनी समोर आलेली प्रत्येक मॅच जिंकली होती, याहून जास्त एखादी टीम काय करू शकते?

सिनसिनाटी आत गेली होती ना? ते कसं जमलं?

२०२१. दहा वर्षांच्या चार-टीम प्लेऑफमध्ये लहान गटातली आत गेलेली एकमेव टीम. २०२० ला ९-० असूनही आठवा नंबर मिळाला होता. २०२१ ला २ ऑक्टोबरला नोत्र दामला त्यांच्या घरी जाऊन २४-१३ ने हरवलं, तरी नोव्हेंबरमध्ये कमिटीची पहिली यादी आली तेव्हा नंबर सहावा, एपी पोलमध्ये त्याच वेळी दुसरा होता. त्या आठवड्यात लायब्ररीत, बसमध्ये, कॅम्पसवर कुठेही गेलो तरी एवढंच चाललेलं.

निपर्ट स्टेडियम कॅम्पसच्या अगदी मधोमध, खड्ड्यासारखं खाली उतरत गेलेलं, वर्गातून निघालं की पाच मिनिटांत गेटवर. ४ डिसेंबरला ह्यूस्टनविरुद्ध कॉन्फरन्सची फायनल होती. मी आणि माझा साताऱ्याचा रूममेट वरच्या ओळीत उभे, थंडीने बोटं बधिर झालेली, बसायला कुणी तयारच नव्हतं. ३५-२० ने जिंकलो, गर्दी मैदानात उतरली, आम्हीपण उतरलो, आणि एवढा जल्लोष चालू असताना शेजारचे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ रडवेल्या आवाजात परत परत विचारत होते, "आता घेतील ना? आता तरी घेतील ना?" तेरा मॅच जिंकून झालेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर चौथा नंबर दिसेपर्यंत आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

पुढे कॉटन बाउलमध्ये अलाबामाने २७-६ ने हरवलं. त्यांचा ब्रायन रॉबिन्सन २०४ यार्ड पळाला, आमच्या लाइनला तो आवरलाच नाही. वाईट वाटलं, पण राग नाही आला. मैदानावर हरलो होतो.

एक लक्षात घ्या, नोत्र दामविरुद्धची ती एक मॅच शेड्यूलमध्ये नसती तर १३-० असूनही आम्ही आत गेलो नसतो असं मला ठामपणे वाटतं. आणि २०२३ मध्ये सिनसिनाटी, यूसीएफ, ह्यूस्टन आणि बीवाययू बिग ट्वेल्व्हमध्ये गेल्या. युटा आणि टीसीयूला त्याच्या आधीच मोठ्या कॉन्फरन्सनी घेतलं होतं. ज्यांनी दार जोरात वाजवलं त्यांना एकेक करून आत घेतलं, बाहेर राहिलेल्यांसाठी दार तसंच राहिलं.

२०२३ चं फ्लोरिडा स्टेटचं प्रकरण काय होतं?

मोठ्या कॉन्फरन्समध्ये असूनही वाचत नाही याचं उदाहरण. फ्लोरिडा स्टेट १३-०, एसीसी चॅम्पियन. त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा १८ नोव्हेंबरला पाय मोडला. त्यानंतरही टीमने फ्लोरिडाला हरवलं, लुइव्हिलला १६-६ ने हरवून कॉन्फरन्स जिंकली, तेही तिसऱ्या क्वार्टरबॅकवर. कमिटीने त्यांना पाचव्या नंबरवर ठेवून एक मॅच हरलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली, कारण काय तर ट्रॅव्हिसशिवाय ही टीम आता पहिल्यासारखी नाही. निकाल जाहीर होताना त्या मुलांचे चेहरे टीव्हीवर दिसत होते, काही जण उठून निघूनच गेले. ट्रॅव्हिसने नंतर लिहिलं की माझा पाय आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे ही टीम माझ्यापुरती नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. विशीतल्या पोराला असं वाटायला लावणारी पद्धत बरोबर कशी असेल?

आणि २०१४ ची ओहायो स्टेट आठवा. पहिले दोन क्वार्टरबॅक जखमी, तिसरा कार्डेल जोन्स, त्याच्यासह विस्कॉन्सिनला ५९-० ने हरवलं, कमिटीने घेतलं, चॅम्पियन झाले. दुखापत झाली म्हणून पुढे काय होईल हे आधीच ठरवता येत नाही हे त्यांनी स्वतः बघितलेलं होतं.

ऑरेंज बाउलमध्ये फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून ६३-३ ने हरली, म्हणून कमिटी बरोबर होती असं सांगणारे भेटतात. त्या मॅचला त्यांचे ढिगाने खेळाडू उतरलेच नव्हते. तो पुरावा होऊ शकत नाही.

आता १२ टीम आहेत, नियम काय?

२०२४ पासून. २०२४ आणि २०२५ ला सगळ्यात वरच्या रँकच्या ५ कॉन्फरन्स चॅम्पियनना हमखास जागा होती, बाकी ७ कमिटीच्या रँकिंगने. आधी ६ आणि ६ ठरलं होतं, पण २०२३ मध्ये पॅक-ट्वेल्व्ह ही मोठी कॉन्फरन्स फुटली, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट दोघीच उरल्या, आणि चॅम्पियनची एक जागा कमी झाली. पहिला राउंड कॅम्पसवर होतो, हा मला फार आवडलेला बदल.

२०२४ ला पहिल्या चार चॅम्पियनना पहिल्या राउंडमध्ये बाय होता, म्हणजे न खेळता पुढे, त्यामुळे नवव्या रँकची बॉइझी स्टेट तिसरी सीड (स्पर्धेतल्या क्रमाने तिसरी) झाली. लगेच ओरड सुरू झाली. क्वार्टर फायनलमध्ये बायवाल्या चारही टीम हरल्या, आणि २०२५ ला नियम बदलून सीडिंग सरळ रँकप्रमाणे केलं. हरणाऱ्यांत जॉर्जिया आणि ऑरेगनही होत्या, पण बोललं गेलं ते बॉइझी आणि ॲरिझोना स्टेटबद्दलच.

२०२५ ला एसीसी जिंकली पाच मॅच हरलेल्या ड्यूकने, तिची रँक खाली, म्हणून टुलेन आणि जेम्स मॅडिसन अशा दोन लहान टीम आत आल्या. जेम्स मॅडिसन २०२२ लाच वरच्या डिव्हिजनला आली, आणि सुरुवातीची दोन वर्षं मॅच जिंकूनही नियमामुळे तिला कॉन्फरन्सची फायनल खेळता येत नव्हती.

नोत्र दाम का बाहेर राहिली?

ती कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, त्यामुळे चॅम्पियनची वाट तिला नाही. २०२५ ला १०-२ होती, शेवटच्या यादीपर्यंत मायामीच्या वर होती, आणि शेवटच्या दिवशी दोघींपैकी कुणीही मॅच खेळलेली नसताना मायामी वर गेली. मायामीने ऑगस्टमध्ये त्यांना २७-२४ ने हरवलं होतं, त्यामुळे शेवटचा निर्णय मला पटतो. पण मग आधीचे पाच आठवडे उलट यादी का दाखवली? नोत्र दामच्या मुलांची फसवणूक झाली ती तिथे.

लहान टीम आत येतात आणि मार खातात, जागा वाया नाही का जात?

२०२५ ला टुलेन ४१-१० ने हरली, जेम्स मॅडिसन ५१-३४ ने, त्यामुळे हे परत ऐकू येतंय. आता हे बघा: मिशिगन स्टेट ३८-० ने हरली (२०१५ चा सीझन, सेमी), ओक्लाहोमा ६३-२८ (२०१९, सेमी), टेनेसी ४२-१७ (२०२४, पहिला राउंड). तेव्हा कुणी म्हणालं का की बिग टेनची किंवा एसईसीची जागा काढून घ्या? मोठी टीम हरली की तो एक वाईट दिवस असतो आणि लहान हरली की तिच्या अख्ख्या गटाची लायकी काढतात, हे मला सहन होत नाही. बास्केटबॉलमध्ये ६८ टीम असतात, प्रत्येक कॉन्फरन्सचा चॅम्पियन आपोआप आत. सोळावी सीड वर्षानुवर्षं पहिल्या सीडकडून हरत होती, पुरुषांच्या स्पर्धेत एकदाही जिंकली नव्हती, तरी तिची जागा कुणी काढली नाही, आणि मग २०१८ ला यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ ने हरवलं. फुटबॉलच्याच खालच्या डिव्हिजनमध्ये, एफसीएसला, १९७८ पासून प्लेऑफ आहे, आज २४ टीमचा. तिथे जमतं.

पैशाचं काय?

२०२४ ला नुसतं आत आल्याबद्दल कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर, पुढच्या राउंडचे वेगळे. २०२६ पासून टीव्हीचा करार वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलरचा, त्यातला एसईसी आणि बिग टेनचा वाटा प्रत्येकी साधारण २९ टक्के. सगळे लहान गट मिळून ९ टक्क्यांच्या आसपास. आणि यापुढे फॉरमॅट कसा असावा यातही मुख्य अधिकार त्याच दोघींकडे. याचा परिणाम मैदानावर दिसतो. लहान टीममध्ये एखादा मुलगा चमकला की ट्रान्सफर पोर्टलमधून (युनिव्हर्सिटी बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) मोठी टीम त्याला घेऊन जाते, त्याला चांगले पैसे मिळतात, त्याला दोष नाहीच. पण मग मागे राहिलेल्या टीमकडे पुढच्या वर्षी प्लेऑफपर्यंत जायला काय उरतं?

तुमच्या मते काय करायला हवं?

प्रत्येक कॉन्फरन्सच्या चॅम्पियनला जागा. सगळ्याच. टीम १६ करा, २४ करा, ते आकडे बसवता येतात. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो तेव्हा ओहायोतल्या, आयडाहोतल्या, लुइझियानातल्या प्रत्येक मुलाला कोचने सांगता आलं पाहिजे की एवढं एवढं जिंकलास की तू आत, कुणालाही विचारायची गरज नाही. उरलेल्या जागा कमिटीने भराव्यात, पण प्रत्येक निर्णयाचं कारण लिहून द्यावं, आणि सीझनच्या आधी निकष जाहीर करून ते डिसेंबरमध्ये बदलू नयेत.

आमच्या मुलीची टीम लहान कॉन्फरन्समध्ये आहे आणि अजून हरलेली नाही. आम्ही काय बघत राहायचं?

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून दर मंगळवारी रात्री कमिटीची यादी येते, ती बघा, पोल सोडून द्या. आपल्या टीमचा नंबर कितवा यापेक्षा बाकी लहान कॉन्फरन्समधली सगळ्यात वरची टीम कोण ते बघा, खरी स्पर्धा तिच्याशी आहे. सीझनच्या सुरुवातीला ज्या मोठ्या टीमला हरवलं असेल तिच्या मॅचकडेही लक्ष ठेवा, ती जिंकत राहिली तर आपली किंमत वाढते, म्हणून आम्ही २०२१ ला दर शनिवारी नोत्र दाम जिंकावी म्हणून टीव्हीसमोर बसायचो. कॉन्फरन्सची फायनल घरच्या मैदानावर मिळाली तर तिकीट लगेच काढा, आणि थर्मल घालून जा, डिसेंबरमध्ये वरच्या ओळीत वारा फार लागतो.